कॅम्पची माहिती लिहून द्या

गावातल्या दुकानात मिठाची पिशवी कितीला मिळते? शाळा कितवीपर्यंत आहे? तालुक्याला जायची गाडी कुठून सुटते? ओळखपत्र काढायला कुठल्या कचेरीत जातात, आणि त्या कार्डावर फोटो डाव्या बाजूला असतो की उजव्या? उद्या कोणी मला बंद खोलीत बसवून, समोर टाइप करणारा माणूस ठेवून हे विचारलं तर मी माझ्याच गावात उपरा ठरेन. मीठ घरात सून आणते. आधार कार्डावरचा माझा फोटो मी एकदा पाहिला आणि पुन्हा पाहायची इच्छा झाली नाही. पण अशाच धर्तीचे प्रश्न माझ्या ओळखीच्या एका मुलीला युरोपातल्या एका देशात, तिनं आश्रय मागितला तेव्हा, दुभाष्यामार्फत, विचारले गेले. ती कुठली आहे हे तिच्या उत्तरांवरून ठरायचं होतं. तेव्हापासून ते प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मुलगी म्हणजे गोठणगावच्या तिबेट कॅम्पातल्या एका ताईंची भाची. (ओळख पटेल असे तपशील मी फिरवून लिहिले आहेत.) आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेट कॅम्प कुठे म्हणून विचारावं लागत नाही. इटियाडोह धरणाच्या बाजूला सागाचं जंगल आणि धानाच्या बांध्या पार करून जावं, तर एकदम रंगीत पताकांच्या माळा, सोनेरी कळसाचं देऊळ आणि ओसरीवर जपमाळ ओढत बसलेल्या म्हाताऱ्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असतो तेव्हाही त्या म्हाताऱ्या त्यांचा लांब झगा सोडत नाहीत. बर्फातून आलेल्या माणसांना सरकारनं 1972 च्या सुमारास इथं, भट्टीत, जागा दिली. त्यांनी तक्रार केली असेल तर ती मराठीत केली नाही. दिवाळी झाली की स्वेटरांचे गठ्ठे घेऊन बाहेर पडायचं, संक्रांत उलटली की परतायचं. ताई त्यातल्याच. माझ्या वर्गात कॅम्पातली पोरं कधी आली नाहीत, त्यांची शाळा वेगळी. पण बाजारात, बँकेत, दवाखान्याच्या रांगेत आमची ओळख झाली. मी शिक्षक, म्हणून त्यांच्यासाठी मी 'गुरुजी'.

भाचीला आलेल्या निकालाचे फोटो ताईंच्या मोबाइलवर आले होते, सोबत मशीननं केलेलं हिंदी भाषांतर. 'वाचून सांगा ना जी गुरुजी, काय मनून राहिले ते.' मी वाचलं. भाषांतर ओबडधोबड होतं, पण मुद्दा कळत होता. अर्जदार मुलगी सांगते की ती तिबेटमधल्या अमुक गावातून थेट आली. तिथल्या रोजच्या जगण्याची तिची माहिती तुटपुंजी आहे. तिच्या बोलण्यात तिबेटबाहेर वाढलेल्या तिबेट्यांची लकब आहे. सबब, ती सांगते तिथं ती मोठी झालेली नाही.

ते खरं होतं.

लहान असताना ती नेपाळमार्गे आली आणि पुढे वाढली ती इथं, मावशीकडे. माझ्या धाकट्या लेकीबरोबर ती झाडीपट्टीची नाटकं रात्रभर बघायची आणि पहाटे आमच्याच घरी झोपायची. आमच्या घरचे पोहे तिला तर्रीशिवाय चालायचे नाहीत. तिच्या मराठीत 'काहून' होतं, 'जी' होतं. हजारो किलोमीटर दूर बसलेल्या कुणी भाषातज्ज्ञानं तिचं तिबेटी ऐकून तिचं बालपण तिथलं नाही असं ओळखलं, याचं मला आधी कौतुकच वाटलं. हुशार लोक आहेत. मग लाज वाटली. एका मुलीचं खोटं पकडलं गेलं आणि मला परीक्षकाच्या हुशारीचं कौतुक! इतकी वर्षं वर्गात कॉप्या पकडल्या, त्याची ती सवय असणार.

ताईंना मी निकाल सांगितला. त्यांनी एवढंच विचारलं, 'त्यायले इथलं कसं मालूम?' त्या प्रश्नापायी मी रात्री मोबाइल घेऊन बसू लागलो.

आश्रय मागणारा माणूस हातात पुरावा घेऊन येत नाही. ज्याच्यामागे पोलीस लागलेत तो त्यांच्याकडून दाखला घेऊन निघत नाही. 1951 च्या निर्वासित करारानं निर्वासित कोणाला म्हणायचं ते सांगितलं: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगटात असणं किंवा राजकीय मत, यांपैकी कशामुळे छळ होईल अशी साधार भीती ज्याला आहे तो. भीती माणसाच्या पोटात असते, आधार बाहेर शोधावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची 1979 ची एक पुस्तिका आहे, तिच्यात हे साध्या शब्दांत आलंय: अर्जदाराचं बोलणं हवेत तोलू नका, त्याच्या देशातल्या परिस्थितीच्या संदर्भात तोला. ही परिस्थिती गोळा करून देणारं एक अख्खं कामच आता उभं राहिलंय, मूळ देशाची माहिती, त्या वर्तुळात 'सीओआय'. कॅनडाच्या इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाकडे संशोधक बसवलेले आहेत. ते देशादेशाच्या कागदपत्रांचे गठ्ठे तयार करून सर्वांसाठी उघडे ठेवतात, भारताचाही आहे. ऑस्ट्रियाच्या रेडक्रॉसचा एक विभाग 2001 पासून जगभरच्या अशा अहवालांचा साठा इंटरनेटवर चालवतो. युरोपीय संघाची माल्टात वेगळी संस्था आहे. निकाल ही मंडळी देत नाहीत, आणि देऊही नये असा त्यांचा दंडक आहे. कुणाला आत घ्यावं यावर त्यांनी बोलायचं नाही. अमुक प्रांतात अमुक साली अमुक लोकांच्या बाबतीत काय घडत होतं, कोणी सांगितलं, त्याला ते कसं कळलं, एवढंच मांडायचं. वाचताना मला हे आवडलं. आपल्याकडे पंचनामा करणाराच निम्मा निकाल देऊन मोकळा होतो.

किती भीती पुरेशी, याचंही उत्तर मला अनपेक्षित निघालं. 1987 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाराग्वाच्या एका बाईच्या खटल्यात म्हटलं की छळ होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असलीच पाहिजे असं नाही; दहात एक असली तरी भीती साधार असू शकते. म्हणजे देशाचा अहवाल 'बहुतेकांना तिथं काही होत नाही' असं म्हणत असला तरी प्रश्न सुटत नाही. समोरचा माणूस त्या बहुतेकांतला आहे का, हे राहतंच. अहवालाचा उपयोग त्याचं ऐकताना कान कुठे द्यायचा हे कळायला. नुसता अहवाल वाचून निकाल द्यायचा तर मुलाखत घ्यायची कशाला?

पण आमच्या मुलीच्या बाबतीत छळाच्या प्रश्नाआधीच गाडी अडली होती. ती कुठली, इथंच. आणि तिथं मला आमच्याकडची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहिली नाही. बारावी सायन्स झालेलं पोरगं जमातीच्या दाखल्याच्या व्हॅलिडिटीसाठी समितीपुढे उभं राहतं तेव्हा त्याची अ‍ॅफिनिटी टेस्ट होते. तुमच्यात लग्नात कोणते विधी? कुलदैवत कोणतं? नाच कोणता? मयताला काय करता? माझे गोंड, हलबा विद्यार्थी या चाचणीच्या आधी आज्याला फोन लावून पाठांतर करायचे. वसतिगृहात वाढलेलं, गणपतीपुढे डीजेवर नाचणारं पोरगं गोंडांच्या देवाची, पेरसापेनची, माहिती घोकतंय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काही पोरं खरोखरची आदिवासी असून अडकली आणि काही पाठांतराच्या जोरावर सुटली असतील, हेही मी नाकारणार नाही. 2023 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगितलं की ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही. माणसं गाव सोडतात, शिकतात, इतरांत मिसळतात, चालीरीती बदलतात. एवढं कळायला आपल्याला किती वर्षं लागली! परदेशातल्या मुलाखतीत बसलेल्या अधिकाऱ्याला ते आपोआप कळेल ही अपेक्षा मग कशी धरायची.

आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून बघा, जिल्हा कोणता. निम्मे अजून भंडारा म्हणतील. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला वेगळा झाला, पण कॅम्पाच्या नावापुढे तिबेटी लोक आजही भंडाराच लिहितात, 'नॉर्ग्येलिंग, भंडारा'. पलीकडे नदी ओलांडली की कुणी चांदा म्हणेल, कुणी चंद्रपूर, आणि ज्या गावाबद्दल बोलतोय ते 1982 पासून गडचिरोलीत असेल. हातात नकाशा घेऊन बसलेल्या परक्या अधिकाऱ्याला ही विसंगती दिसेल, आणि विसंगती ही त्याच्या कामातली सगळ्यात सोपी नोंद. खरं तर जो माणूस अचूक जिल्हा, अचूक साल, अचूक अंतर सांगेल त्याच्यावर आधी संशय घ्यायला हवा, असं मला शिक्षक म्हणून वाटतं. तोच रात्री गाइड वाचून आलेला असतो.

माहिती लिहिणाऱ्यांचंही सगळं सरळ नसतं. डेन्मार्कच्या इमिग्रेशन विभागानं 2014 मध्ये एरिट्रियावर अहवाल काढला: सक्तीची लष्करी सेवा टाळून पळालेले लोक परत गेले तरी फारसं बिघडत नाही, असा त्याचा रोख. ज्या प्राध्यापकांचा त्यात प्रमुख आधार घेतला होता ते गाइम किब्रेआब जाहीरपणे म्हणाले की माझं बोलणं मोडूनतोडून वापरलंय. विभागातल्या दोघा संशोधकांनी नोकरी सोडली. तरी ब्रिटननं 2015 च्या आपल्या मार्गदर्शनात त्याच अहवालाचा आधार घेतला, एरिट्रियन लोकांना नकार मिळू लागले, आणि 2016 मध्ये तिथल्या अपर ट्रिब्युनलनं तो पाया नाकारला. मधल्या काळात ज्यांच्या फायली बंद झाल्या त्यांचं काय झालं असेल? आणखी एक प्रकरण सोमालियाचं. 2011 साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयासमोर नैरोबीत बसून निनावी लोकांशी बोलून केलेला अहवाल आला. न्यायालयानं त्याला फारसं वजन दिलं नाही. सांगणारा कोण, त्यानं ती जागा पाहिली आहे का, हे कळत नसेल तर तोलायचं कसं? हे वाचून आमच्या भागावर लिहिल्या गेलेल्या बातम्या आठवल्या. नक्षलवादावरची अर्धी वार्तापत्रं नागपूरच्या हॉटेलात लिहिली जातात, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि जे कोणीच लिहिलेलं नाही त्याचं काय? अहवालात घटना सापडली नाही म्हणून ती घडली नाही असं धरू नका, हा त्या क्षेत्रातला पहिला धडा आहे. पण दुपारी चार वाजता, टेबलावर पंधरा फायली असताना, तो पाळायला जड. तिबेटमध्ये तर परक्या पत्रकाराला सहज फिरताच येत नाही. तिथून बातमी येत नाही, आणि ती न येणं शांततेसारखं दिसतं. उलट कधी बातमी इतकी वेगानं येते की सगळा साठा एका रात्रीत शिळा होतो. 8 डिसेंबर 2024 ला सीरियाचे सत्ताधीश असद दमास्कसमधून पळाले आणि दुसऱ्याच दिवसापासून जर्मनी, ऑस्ट्रिया, ब्रिटन अशा देशांनी सीरियन लोकांच्या अर्जांवरचे निर्णय थांबवले. ज्याची भीती घेऊन माणूस आला तोच पळून गेला. आता नवी भीती कुणाची, हे लिहिलेलं कुठे आहे?

आमच्याच तालुक्यात अरुणनगरसारखी बंगाली गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेली ती माणसं साठच्या दशकात इथं वसली, तळ्यांत मासे वाढवू लागली. त्यांना किंवा तिबेट्यांना मिठाचा भाव कोणी विचारला नाही. तिकडे काय चाललंय हे सगळ्यांना दिसत होतं, तेव्हा आलेल्या सगळ्यांनाच घेतलं. भारतानं 1951 च्या करारावर सही केलेली नाही, आश्रयाचा वेगळा कायदा नाही, तरी ही माणसं इथं राहिली. याचा अभिमान वाटून घ्यावा की त्यांना दिलेलं सगळं कुणाच्या तरी मर्जीवर टिकून आहे म्हणून काळजी करावी, हे मला नीट ठरवता येत नाही. दिवस बघून मत बदलतं.

मग ताईंनी ते काम सांगितलं. भाचीच्या वकिलाला इथली माहिती हवी होती. मुलगी भारतात राहिलेली असेल तर तिनं भारतात परत जावं, असा आता तिकडचा सूर होता. म्हणजे 'मूळ देश' बदलला आणि प्रश्न तिबेटवरून सरकून आमच्या गोठणगावावर आला. 'कॅम्पची माहिती लिहून द्या ना जी. तुमी बाहेरचे, तुमचं मानतीन.'

लिहायला बसलो आणि पंचाईत झाली. खरं लिहायचं तर कॅम्पात शांतता आहे. शाळा आहे, देऊळ आहे, दवाखाना आहे. लोसारला, त्यांच्या नववर्षाला, आम्हाला बोलावणं असतं. तिथं कोणी कोणाला मारत नाही, गावकऱ्यांचा त्रास नाही; भांडण झालंच तर गुरांनी धान खाल्ला यावरून होतं. हे सगळं लिहिलं तर पत्र मुलीच्या विरोधात जातं. न लिहिलं तर मी डेन्मार्कवाल्यांपेक्षा वेगळा काय?

दुसरी बाजूही खरीच होती. तिबेटी माणसाकडे नागरिकत्व नसतं, आरसी असते, विदेशी म्हणून केलेली नोंद. पूर्वी ती दरवर्षी नवी करावी लागायची, आता बहुतेकांना पाच वर्षांनी. बाहेरदेशी जायचं तर पासपोर्ट नाही, पिवळी वही, आणि परत येण्याची मुभाही कागदावर घेऊन ठेवायची. आरसीची मुदत संपवून, ती मुभा न घेता गेलेली मुलगी विमानतळावर उतरली तर तिला कोण काय म्हणून ओळखणार? नागरिकत्वाचं तर त्याहून अवघड. 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानं भारतीय, हे कायद्यात आहे. दिल्ली हायकोर्टानं 2010 मध्ये एका तिबेटी तरुणीच्या बाबतीत ते मान्यही केलं. पण पुस्तकातला कायदा आणि खिडकीवरचा कारकून यांत अंतर असतं. 2016 साली कॅनडाच्या फेडरल अपील कोर्टात भारतात जन्मलेल्या एका तिबेटी माणसाचं प्रकरण गेलं, तेव्हा वाद याच अंतरावर होता. बहुमतानं सांगितलं की अडथळा मोठा आहे हे अर्जदारानं दाखवावं, आणि तो पार करण्याचा वाजवी प्रयत्न केल्याचंही दाखवावं. इथल्या खिडकीवर काय उत्तर मिळतं याला ओटावात इतकं महत्त्व असतं, हे त्या खिडकीमागच्या माणसाच्या गावीही नसेल.

मी दोन्ही बाजू लिहिल्या. वर माझं नाव, मी कोण, कॅम्पापासून किती लांब राहतो, कधीपासून जातो-येतो. खाली दोन भाग केले: स्वतः पाहिलेलं आणि ऐकीव. शांततेचा परिच्छेद पाहिलेल्यात ठेवला. ताईंना वाचून दाखवला तेव्हा त्या त्यावर थांबल्या. 'हे लिवाच लागते का?' मी म्हटलं, हे नसलं तर बाकीच्यावर विश्वास कोण ठेवील. त्यांना ते पटलं असं दिसलं नाही, पण काढा असंही त्या म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, 'मग हेबी लिवा. घर आमी बांधलं, बोअर आमी मारला, पण सातबारावर नाव नाई. जमीन लीजवर हाय.'

इतकी वर्षं मी त्या घरात चहा प्यालो. शेतकऱ्याच्या पोटचा असून सातबाऱ्याचं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मी मुद्दा लिहून घेतला आणि दुसऱ्या भागात, 'ऐकीव'खाली घातला. त्यांनी चष्मा सावरून तो शब्द अक्षर अक्षर जुळवत वाचला.

'ऐकीव काहून जी गुरुजी? मी सांगून राहिली ना तुमाले.'